नाण्यावरचा राजा

शाळेच्या मैदानावर सामना सुरू होण्यापूर्वीं पंच नाणें उडवितो आणि संघनायक 'छापा' कीं 'काटा' तें सांगतात. नाण्याचें कोणतें अंग वर पडलें, एवढाच तेथें प्रश्न असतो. परंतु शंभर वर्षांपूर्वींच्या वऱ्हाडांतील शेतकऱ्याला छाप ही याहून गंभीर गोष्ट होती. सरकी-कापसाचे पैसे हातांत पडले म्हणजे तो एकेक रुपया दगडावर वाजवून पाही, आणि मग त्यावरचा चेहरा पाही. राणीछाप, राजाछाप अशींच त्या रुपयांचीं नांवें पडलीं होतीं. ज्या राणीच्या राज्यांत तो सारा भरीत होता ती हिंदुस्थानांत कधींही आली नाहीं. जानेफळ कोठें आणि लंडन कोठें! तरीपण तिचा चेहरा त्याच्या कनवटीला बांधलेला होता.

बहुतेक प्रजेची राजाशीं गांठ पडत असे ती एवढ्याच जागेंत, आणि ही जागा सव्वा इंचही रुंद नाहीं. तेवढ्यांत 'हा तुझा धनी आहे' हें ज्याला एक अक्षरही वाचतां येत नाहीं त्याला कसें सांगावयाचें, हा नाण्याचा ठसा कोरणाऱ्या कारागिरापुढील प्रश्न असे. त्यानें तो कसा सोडविला, आणि कधीं कधीं तो कसा फसला, हें आपल्या महाराष्ट्रांतील नाण्यांवरून पाहण्यासारखें आहे.

प्रथम कारागिराची अडचण समजून घेऊं. पोलादी ठशांत चित्र उलटें व खोल कोरावें लागतें. ठोका बसला म्हणजे चांदीच्या चकतीवर तें सुलटें व उठावाचें उमटतें. येथें रंग नाहीं. डोळ्यांतील भाव दाखवावयास जागा नाहीं. म्हणून चेहरा बाजूनें कोरण्याचा प्रघात पडला. कपाळ, नाक व हनुवटी यांची एकच रेषा माणसाची ओळख पटविते. समोरून चेहरा कोरण्यांत आणखी एक धोका आहे. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीनें चांदींत तांबें मिसळून समोरून दिसणाऱ्या आपल्या चेहऱ्याचीं नाणीं पाडलीं. वापरानें नाकाचा शेंडा आधीं झिजला, वरची चांदी गेली, आणि लोक राजाला तांबड्या नाकाचा म्हणून हसूं लागले. बाजूच्या चेहऱ्याचा मला आणखीही एक अर्थ वाटतो. असा राजा आपल्याकडे पाहतच नाहीं. आपण त्याच्याकडे पाहावें, त्यानें दुसरीकडेच पाहावें, यांतच थोरपणा आणि लहानपणा यांतील अंतर सांगून होतें.

आतां महाराष्ट्रांतील एका फार जुन्या उदाहरणाकडे वळूं. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगलटेंभी येथें चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सांपडला. नाणीं तेरा हजारांहून अधिक होतीं. रेव्हरंड एच्. आर्. स्कॉट या मिशनरी गृहस्थांनीं त्यांचा बारकाईनें अभ्यास करून निबंध प्रसिद्ध केला. हीं नाणीं क्षहरात वंशांतील शक राजा नहपान याचीं. एका अंगास राजाचा बाजूनें दिसणारा चेहरा, भोंवतीं मोडकीं-तोडकीं ग्रीक अक्षरें. दुसऱ्या अंगास बाण व वज्र, आणि ब्राह्मी व खरोष्ठी लिपींत राजाचें नांव. ग्रीक अक्षरें वाचणारे महाराष्ट्रांत त्या काळीं किती असतील? परंतु वायव्येकडील यवन राजांच्या नाण्यांवर तीं असत, आणि खरें नाणें असेंच दिसावें अशी लोकांची समजूत झालेली होती. तेव्हां तीं अक्षरें वाचण्यासाठीं नसून, मुकुटावरील मोत्यांप्रमाणें, शोभेसाठीं व पत वाढविण्यासाठीं होतीं.

स्कॉटसाहेबांच्या नजरेस एक चमत्कारिक गोष्ट आली. नांव सर्वत्र नहपानाचें असूनही चेहरे एकसारखे नाहींत. कोठें तरुण, कोठें सुरकुतलेला. कोठें नाक सरळ, कोठें बांकदार. हे त्या घराण्यांतील निरनिराळे पुरुष असावे असा त्यांनीं तर्क केला. कारागिरांनीं साम्याची फारशी पर्वाच केली नाहीं, असेंही म्हणतां येईल, आणि मला तेंच अधिक पटतें. शिरोभूषण आहे, भोंवतीं लेख आहे, चेहरा ठरलेल्या बाजूस वळलेला आहे. मग हा राजाच. नाकाची चौकशी करण्याचें बाजारांत कोणाला कारण नव्हतें.

या साठ्यांतील खरी मौज तर पुढेंच आहे. तेरा हजारांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्या एका राजानें आपला शिक्का पुन्हां ठोकलेला आहे. तो राजा म्हणजे पैठणचा सातवाहन, गौतमीपुत्र सातकर्णी. त्यानें क्षहरातांचा उच्छेद केला, ही गोष्ट त्याच्या आईनें, बलश्रीनें, नाशिकच्या लेण्यांत कोरविलेल्या लेखांतही नमूद आहे. त्याला नहपानाचीं नाणीं वितळवून नवीं पाडतां आलीं असतीं. त्यानें तसें केलें नाहीं. शत्रूच्या चेहऱ्यावरच त्यानें आपला तीन कमानींचा डोंगर आणि चार वर्तुळांचें, ज्याला उज्जैनी चिन्ह म्हणतात तें, चिन्ह ठोकलें. नाण्यावर एखाद्याचा गाल, कान किंवा डोळा खालून डोकावतो आणि त्यावर विजेत्याची खूण स्वार झालेली दिसते. याचें एक कारण सोय हें असेल; ठोका मारणें वितळविण्याहून स्वस्त. पण ज्याच्या हातीं असें नाणें पडलें त्याला लढाईची वार्ता कोणी वेगळी सांगावी लागली नसेल. पुढें सातवाहनांनींही आपले चेहरे चांदीच्या नाण्यांवर कोरविले. यज्ञ सातकर्णीचें असें एक नाणें १८८२ सालीं सोपाऱ्याच्या स्तूपांत मिळालें. शत्रूचा पराभव झाला, त्याची रीत मात्र विजेत्यानें उचलली.

यानंतर दख्खनमध्यें अनेक शतकें चेहऱ्याची जागा अक्षरांनीं घेतली. मुसलमानी राज्यांत शुक्रवारच्या खुतब्यांत नांव घेतलें जाणें आणि नाण्यावर नांव असणें हीं राजेपणाचीं दोन लक्षणें मानलीं गेलीं. चित्र नको, सुरेख वळणाचें नांव हवें. जहांगीर बादशहानें आपल्या चित्राच्या मोहरा पाडविल्या, कांहींवर तर हातांत पेला घेऊन. पण तो अपवाद. नांवाचें हें माहात्म्य इतकें कीं पेशवाईंतील अंकुशी व चांदवडी रुपयांवर दिल्लीच्या बादशहाचेंच नांव फारसींत असे, आणि ईस्ट इंडिया कंपनीनेंही १८३५ पर्यंत शहा आलमच्या नांवाचे रुपये पाडले. बादशहाच्या हातांत कांहीं उरलें नव्हतें. नांव तेवढें चालत होतें.

या पार्श्वभूमीवर शिवाजी महाराजांचें नाणें पाहिलें म्हणजे त्याचें मोल ध्यानांत येतें. आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेड राजा हें जिजाबाईंचें जन्मस्थान. तिच्या पुत्राला १६७४ च्या जून महिन्यांत रायगडावर राज्याभिषेक झाला. त्यांच्या तांब्याच्या शिवराईवर एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति', एवढींच नागरी अक्षरें आहेत. चेहरा नाहीं, मुकुट नाहीं, तलवार नाहीं. दिल्लीच्या बादशहाचें नांव नाहीं, हीच त्या नाण्याची सर्वांत ठळक खूण. कोणाचा मांडलिक म्हणून नव्हे, स्वतःच्या अधिकारानें मी राजा आहें, हें त्या अक्षरांनीं सांगितलें.

महाराजांचा चेहरा कोरला गेला तो परदेशांत. फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन या डच पाद्रीनें पूर्वेकडील देशांविषयीं एक प्रचंड ग्रंथ लिहून १७२४ ते १७२६ या वर्षांत हॉलंडांत छापविला. त्यांत तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलें महाराजांचें चित्र आहे. महाराजांना जाऊन तेव्हां चाळिसांहून अधिक वर्षें झालीं होतीं. अर्थात् कोरणाऱ्यानें त्यांना पाहिलेलें नव्हतें. दुसऱ्या चित्रावरून त्यानें काम केलें. तरी डच वाचकाला त्यांतून कळावयाचें तें कळलें: हा कोणी लुटारू नव्हे, ज्याची तसबीर इतर राजांच्या पंक्तीला ग्रंथांत बसते असा हा पुरुष आहे. याच परदेशी चित्रांचा आपल्याला पुढें उपयोग झाला. विसाव्या शतकाच्या आरंभीं महाराजांचें म्हणून दुसऱ्याच एका सरदाराचें चित्र छापलें जात असे. १९३३ सालीं संशोधक वा. सी. बेंद्रे यांनीं डच मंडळींकडून आलेलें चित्र प्रसिद्ध केलें, तेव्हां तें जुनें मागें पडूं लागलें. इतकीं वर्षें तें खपलें कसें, असें कोणी विचारील. अंगावर पोशाख सरदारी होता आणि खालीं नांव महाराजांचें होतें. नहपानाच्या बाजारांतही याहून अधिक कोणी मागितलें नव्हतें.

येथें जरा आडवाटेनें जाऊन आपल्या आया-आज्यांच्या गळ्यांतील पुतळ्यांच्या माळेकडे पाहूं. 'पुतळी' हें नांव नाण्यावरील आकृतींवरून पडलें, आणि मूळ पुतळी ही इटलींतील व्हेनिस शहराची सोन्याची मोहोर. व्यापाराच्या वाटेनें ती आपल्या किनाऱ्यावर आली व तिच्या सोन्याच्या शुद्धतेमुळें मान्य झाली. तिच्या एका अंगास व्हेनिसचा अधिपति संत मार्कापुढें गुडघे टेकून त्याच्या हातून निशाण घेत आहे. दुसऱ्या अंगास लंबगोलांत तारकांमध्यें ख्रिस्त उभा आहे. राज्यकर्त्याला गुडघे टेकलेले दाखवून त्याचा मान वाढविणारें नाणें मला दुसरें माहीत नाहीं. पण हा अर्थ समुद्रापलीकडेच राहिला. आपल्या सोनारांनीं नकला केल्या, त्यांत हळूहळू गुडघे टेकलेला मनुष्य उभा राहिला, लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघोट्या झाल्या, आणि त्या आकृतींत लोकांना आपल्या देवदेवता दिसूं लागल्या. खूण तीच, पाहणारा बदलला, अर्थ बदलला.

आतां राणीछाप रुपयाकडे येऊं. १८३५ च्या कायद्यानें कंपनीच्या सर्व मुलखांत एकच रुपया झाला आणि त्यावर प्रथमच इंग्लंडच्या राजाचा, चौथ्या विल्यमचा, चेहरा आला. १८४० पासून व्हिक्टोरिया राणी आली. तिच्या डोक्यावर मुकुट नाहीं. केंस मागें बांधलेले, मान उघडी. विल्यम वायन या नामांकित कारागिराचें हें काम. यूरोपांत अशा साधेपणाला मोठें कुळ आहे. ग्रीक व रोमी नाण्यांची ती परंपरा. ज्या नाण्याविषयीं 'हें चित्र कोणाचें' असें येशू ख्रिस्तानें यरुशलेमेंत विचारलें आणि लोकांनीं कैसराचें म्हणून सांगितलें, त्या नाण्याच्या घराण्यांतील हा चेहरा. लॅटिन शिकलेल्या इंग्रजाला मुकुटाहून तो अधिक भारदस्त वाटे. आमच्या शेतकऱ्याला त्यांतून काय कळावें?

१८५८ सालीं कंपनीचें राज्य जाऊन राणीचें आलें, आणि हा प्रश्न सरकारलाही सुचला असावा. १८६२ पासूनच्या रुपयावर राणीच्या मस्तकीं मुकुट आहे, गळ्यांत हार आहे, अंगावर वेलबुट्टीचें वस्त्र आहे. कंपनीचें नांव गेलें. १८७७ सालीं दिल्लींत ती सम्राज्ञी म्हणून जाहीर झाल्यावर नांवापुढील पदवी बदलली, पण चेहरा तोच राहिला. विलायतेंतील नाण्यांवर राणी म्हातारी झाली. १८८७ व १८९३ मध्यें तेथें नवे चेहरे आले. आपल्या रुपयावर मात्र ती १९०१ पर्यंत, म्हणजे एक्यांयशीं वर्षांची होऊन मरेपर्यंत, चाळिशीच्या आंतलीच दिसते. दूरच्या प्रजेला राज्यकर्त्याचें वय सांगण्यांत कांहीं लाभ नव्हता.

तिच्या मुलाचें, सातव्या एडवर्डचें, डोकें रुपयावर पुन्हां बोडकें. एकदां इतिहासाच्या तासाला मीं मुलांना घरचीं जुनीं नाणीं आणावयास सांगितलीं होतीं. एका विद्यार्थ्याच्या आजीनें एडवर्डचा रुपया देतांना त्याला विचारलें, "ह्याच्या घरीं कोणी वारलं का रं?" वर्ग हंसला. परंतु म्हातारीचा प्रश्न अगदीं शास्त्रशुद्ध होता. ज्या देशांत पागोटें ही माणसाची अब्रू, पाहुण्यापुढें उघड्या डोक्यानें जाणें हा अनादर आणि दरबारांत तर अपराध, तेथें उघडें मस्तक थोरवी कशी सांगणार? १९०६ नंतर निघालेल्या निकलच्या आण्यावर त्याच राजाला मुकुट घातलेला आहे. म्हणजे गरिबाच्या आण्यावर मुकुट आणि सावकाराच्या रुपयावर बोडकें डोकें, असा प्रकार झाला.

पंचम जॉर्जच्या वेळीं ही उणीव भरून काढण्यांत आली, जरा अतीच. बर्ट्रम मॅकेनल यानें तयार केलेल्या १९११ च्या रुपयावर राजाला मुकुट आहे, भरजरी झगा आहे, आणि गळ्यांत मानाची सांखळी आहे. हिंदुस्थानचा मान राखावा म्हणून त्या सांखळींत हत्ती कोरलेला होता. पण तो इतका लहान, सोंड इतकी आंखूड आणि पाय इतके बुटके, कीं लोकांना तो डुक्कर दिसला. आमच्या रुपयावर डुक्कर, अशी ओरड झाली, आणि मुसलमान समाजांत विशेष क्षोभ झाला. बाजारांत गेलेले सुमारे सात लाख सोडून बाकीचे लाखों रुपये वितळवावे लागले, आणि १९१२ च्या नाण्यावर हत्तीला नीट सोंड मिळाली. केवढें साम्राज्य, आणि तें कांहीं दिवस अर्ध्या ओळीएवढ्या सोंडेवर अडून बसलें!

याच वर्षीं, १२ डिसेंबर १९११ रोजीं, दिल्ली दरबारांत स्वतः राजापुढें संस्थानिकांनीं मुजरे केले. इतर राजे रत्नांनीं मढून आले असतां बडोद्याचे सयाजीराव गायकवाड साध्या पोशाखांत आले, एकदांच लवले आणि पाठ फिरवून परतले. विलायती पत्रांनीं मोठा गहजब केला व महाराजांना व्हाइसरॉयकडे खुलासा करावा लागला. हे सयाजीराव नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवच्या शेतकरी कुटुंबांतले. १८७५ सालीं, बाराव्या वर्षीं, दत्तक जाऊन गादीवर बसले. त्यांच्या बडोदे येथील रुपयावर त्यांचाच पगडी घातलेला चेहरा होता, भोंवतीं नागरी अक्षरांत नांव, आणि पाठीमागें तलवार. रचना राणीछाप रुपयाची, पण डोकें झांकलेलें आणि अक्षरें आपलीं. कवळाण्याच्या माणसाला तो रुपया कोणी वाचून दाखवावयास नको होता. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं बडोद्यानें आपला चांदीचा रुपया बंद केला आणि तेथेंही इंग्रजी कलदार चालूं लागला. ज्याची छाप त्याची सत्ता, हें दोन्ही पक्षांना पुरतें ठाऊक होतें.

आपल्या वऱ्हाडाची तर तऱ्हाच निराळी. कागदोपत्रीं हा मुलूख निजामाचा. १८५३ च्या तहानें तो इंग्रजांच्या ताब्यांत गेला आणि १९०२ मध्यें सालीना पंचवीस लाखांवर कायमचा पट्ट्यानें दिला गेला. १९३६ नंतर निजामाच्या वडील मुलाला 'वऱ्हाडचा युवराज' ही पदवीही मिळाली. परंतु मेहकर-जानेफळच्या बाजारांत चेहरा चाले तो इंग्लंडच्या राजाचा. सिंदखेडपलीकडे जालन्याच्या बाजूस गेलें कीं निजामाचा हाली रुपया लागे. त्यावर राजाचा चेहरा नसून चारमिनार, आणि त्याच्या दारांत राजाच्या नांवाचें आद्याक्षर. सीमेवरच्या वाण्याला दोन्ही रुपये आणि त्यांचा भाव तोंडपाठ असावा लागे. वऱ्हाडचा धनी कोण, याचें उत्तर तहनाम्यांत एक होतें आणि वाण्याच्या गल्ल्यांत दुसरें.

महायुद्धांत चांदीची टंचाई पडली, तेव्हां १९४१ ते १९४३ या काळांत राणीछाप व राजाछाप चांदीचे रुपये चलनांतून काढण्यांत आले. स्वातंत्र्य मिळालें तरी तीन वर्षें सहाव्या जॉर्जचा चेहरा नाण्यांवर चालूच होता. १५ ऑगस्ट १९५० रोजीं नवीं नाणीं निघालीं आणि त्यांवर सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंह आले. नोटांसाठीं महात्मा गांधींच्या चित्राचाही तेव्हां विचार झाला होता, पण अखेर सिंहच ठरले. गांधीजींचें चित्र नोटेवर १९६९ मध्यें त्यांच्या जन्मशताब्दीला आलें व १९९६ पासून तें कायमचें झालें. त्यांच्या चित्रांत मुकुट नाहीं, सांखळी नाहीं, डोकेंही उघडें आहे. तरी आतां कोणा आजीला शंका येत नाहीं.

चलनांतून गेलेले ते रुपये सगळेच सोनाराच्या मुशींत गेले नाहींत. पुष्कळ घरांत ते लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनांत, पेटीच्या तळाशीं किंवा गांठल्यांत ओंवलेले अजून आहेत. असा एखादा रुपया मिळाला तर तो खिडकीच्या उजेडांत तिरपा धरावा. ठशांतील सर्वांत खोल भाग नाण्यावर सर्वांत उंच येतो, आणि बोटांच्या घर्षणानें तोच आधीं जातो. प्रथम गाल सपाट होतो, मग कानावरचे केंस, मग मुकुटाचीं रत्नें. कांठाजवळचीं अक्षरें त्यानंतरही बराच काळ वाचतां येतात.